नाकूस वाजेपर्यंत

मी हाक मारायची आणि मुनिरानं "जी" म्हणायचं, हा आमच्या घरातला कायदा होता. मीना अब्दुल्ला या आखातातल्या बंदरावरच्या क्वार्टर्समध्ये राहायला आल्यापासून मीच तो केला होता. एका बाजूला रिफायनरीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांच्या घरांच्या चार ओळी आणि बाकी सगळं उघडं. झाड नाही, गडगा नाही. अशा जागेत मूल हरवेल कुठं, असं शेजारची खैरूभाभी म्हणायची. मला उलटंच वाटायचं. जिथं आडोसाच नाही तिथं मूल दिसेनासं झालं, तर ते किती लांब गेलं असेल? म्हणून भाकरी थापताना, कपडे पिळताना मी मधेच हाक मारी, मागच्या अंगणातून "जी" आलं की पुढचं काम करी. मुनिराचे अब्बा, यूनुस, चिडवायचे, "सहा वर्षांची पोरगी आहे की वायरलेस?"

त्या बुधवारी सकाळी "जी" आलं नाही.

दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी होते. अंगण रिकामं. तिच्या चपला नव्हत्या. दोरीवरची माझी पांढरी ओढणी नव्हती. आणि चरापलीकडून बुलडोझरची घरघर येत होती.

तो चर आदल्या महिन्यात खणला होता. क्वार्टर्सच्या मागून पाण्याचा मोठा पाइप टाकायचा होता म्हणून. पुरुषभर उंचीहून खोल. वरची हातभर सुटी वाळू आणि तिच्याखाली पांढरट, चुनखडीसारखी घट्ट माती. तिला इथं गच म्हणतात. वाळली की दगड, पण पाणी ओतून थोडं थांबलं तर चमच्यानं कोरता येते. हे मला कसं माहीत? माझे चमचे नाहीसे होत होते म्हणून.

सुरुवात उम्म बहनामपासून, म्हणजे बहनामच्या आईपासून, झाली. आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात त्या मुलाबरोबर राहायच्या. बहनाम रिफायनरीत वेल्डर होता. इराकच्या उत्तरेकडच्या डोंगरांतली ही ख्रिस्ती माणसं. त्यांच्या गावामागं उभा कडा होता, आणि त्या कड्यात शेकडो वर्षांपूर्वी साधूंनी कोरलेला मठ. ते त्याला दैर म्हणत. कड्याच्या पोटात चर्च, चर्चला जाणारा एका माणसापुरता जिना, आणि खाजणात खेकड्यांची बिळं असतात तशा वर-खाली, आजूबाजूला कोठड्या. एकेका कोठडीत एकेक साधू. ओळीतल्या मुली दुपारी म्हातारीच्या दारात बसून ऐकायच्या. मुनिरा आणि खैरूभाभीची सफिया तर रोज.

मुनिराचं अरबी बाहेरच्या पोरांत खेळून खेळून झालेलं, माझं भाजीवाल्यापुरतं. त्यामुळं मला त्या मठाच्या गोष्टी मुनिराच्या तोंडूनच कळत. पहिल्यांदा मला कौतुकच वाटलं. माझं माहेर कुलाबा जिल्ह्यातलं, मांदाडच्या खाडीजवळचं. तिथं कुड्याची लेणी आहेत. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यामुळं सुटीत घरी गेले की मैत्रिणींना हौसेनं दाखवायला न्यायची. मी मुनिराला सांगितलं, आपल्याकडेही भिक्षूंनी असेच डोंगर कोरले, झोपायला दगडाचे ओटे केले, पाणी साठवायला पोढ्या खोदल्या. तिनं लगेच जाऊन ते म्हातारीला सांगितलं. म्हातारीनं निरोप पाठवला, तुमच्या साधूंना पाणी तरी होतं, आमचे टोपलीत घागर घालून वर ओढायचे.

मग एका संध्याकाळी मुनिरा हबीसाची गोष्ट घेऊन आली.

"हबीस म्हणजे ज्यानं स्वतःला कोंडून घेतलंय तो," ती म्हणाली. "सगळ्यात वरच्या कोठडीत राहतो. बोलत नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. नाकूस वाजला की मगच."

"नाकूस म्हणजे?"

"लाकडाची फळी. ती ठोकतात. त्यांच्याकडं घंटा नव्हती ना. नाकूस वाजला की हबीस आतून दगडानं ठोकतो. मग बाहेर येतो."

"आणि घाईचंच काही काम निघालं तर?"

"त्याची अम्मी आली होती की. डोंगराखाली उभी राहून दिवसभर हाका मारत होती. तो नाही बोलला."

"आजारी होता का गं?"

"नाही. ऐकत होता."

त्या "ऐकत होता"वर मी अडकले. "मग त्या आईचं काय झालं?" मी विचारलं. मुनिरानं खांदे उडवले. आईचं काय झालं हे गोष्टीत नव्हतं. मुनिराचे डोळे मात्र चमकत होते, एखाद्यानं फार मोठा पराक्रम केल्यासारखे.

मंगळवारी संध्याकाळी माझा आमटीचा डाव सापडेना. भाकरी थापताना मी बसते तो पाटही सापडेना. शोधत मागं गेले तर चराच्या तोंडाशी सफिया उभी होती, समोर पाट उभा धरून त्यावर डाव ठोकत होती. आणि चराच्या पलीकडच्या भिंतीतून, काठापासून तीन हात खाली, एका भोकातून माझी मुलगी बाहेर येत होती. डोक्यावर ओढणी, तोंड पांढरंफटक मातीनं माखलेलं. दोघींनी मिळून भिंतीत कोठडी कोरली होती. एक मूल पाय पोटाशी घेऊन बसेल एवढी. आत बसायला ओटासुद्धा होता. तो माझ्या लेण्यांतला.

यूनुस त्याच वेळी ड्यूटीवरून आले. त्यांनी भोक पाहिलं, चराच्या काठावरचा सुट्या वाळूचा ढीग पाहिला, आणि सरळ शेवटच्या घराकडं गेले. उम्म बहनाम दारात मेथी निवडत बसल्या होत्या. यूनुसनी अर्धं हिंदी, अर्धं अरबी करून सांगितलं, "आमच्या पोरीच्या कानात तुमच्या साधूंच्या गोष्टी घालू नका. ती मुसलमानाची पोर आहे. आणि पुन्हा आमच्या अंगणात येऊ नका." म्हातारीनं मेथी उचलली, आत गेली, दार लावून घेतलं.

"जरा जास्त बोललात," मी घरी आल्यावर म्हटलं.

"चर बुजवायला घेतलाय, असमा. आत असती तर? आणि इराकवाल्यांशी एवढी घसट बरी दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रेडिओवर हा मुलूख आमचाच म्हणून ओरडत होते, विसरलीस?"

चराबद्दल त्यांचं बरोबर होतं. मी पाट धुतला आणि कपाटावर टाकला. मुनिराला समोर उभं करून कबूल करून घेतलं, चराकडं जायचं नाही. ती "जी" म्हणाली.

आता कपाटावर पाट होता आणि मुनिरा नव्हती.

मी पुढच्या दारानं खैरूभाभीकडं धावले. कमालभाईंची बायको खैरुन्निसा, रत्नागिरीकडची, ओळीतली सगळ्यांत मोठी. तिनं कडी काढली.

"मुनिरा आहे का इथं?"

"इथं कशाला येल? सफियाला काल तिच्या बापानं चोपलीन. कालधरनं कडी लावून ठेवलीय मी." तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. "काय झालं गो?"

"ओ देत नाहीये."

एवढंच म्हटलं. खैरूभाभीला माझा कायदा ठाऊक होता. तिनं पायांत चपलासुद्धा घातल्या नाहीत.

बुलडोझर समुद्राच्या बाजूनं काम करत आमच्या ओळीपर्यंत येत चालला होता. काठावरचा ढीग लोटायचा, वाळू धबाधबा चरात पडायची, धुरळा उठायचा, मग मागं, मग पुन्हा पुढं. चालवणारा गफूर, आमच्या बाणकोटकडचा. मी दोन्ही हात वर करून मशीनसमोर गेले. त्यानं ब्रेक मारला आणि वरूनच ओरडला, "भाभी, जीव नकोसा झालाय का?"

"माझी मुलगी आत असेल. बंद करा."

त्यानं इंजिन बंद केलं. कान सुन्न झाले. मी चराच्या काठाकाठानं पळत हाका मारल्या. मुनिरा. मुनिरा गं. खैरूभाभीनं मारल्या. तिचा आवाज बंदरावर होडीला हाक मारायचा, तो पार कुंपणापर्यंत गेला. कुठूनही काही आलं नाही.

"मी सुरू करण्याआधी दर वेळी हाका मारतो, भाभी," गफूर खाली उतरून म्हणाला. "पोरं खेळतात ते ठाऊक आहे मला. आज सकाळीही मारल्या. आत असती तर बोलली नसती? पोर आईला तरी ओ देईल की नाही?"

"कोठडी कुठं होती ती?" मी खैरूभाभीला विचारलं. पण काल मी ती संध्याकाळच्या उजेडात पाहिली होती, आणि तेव्हा काठावर ढीग होते, खुणेचं लाल पिंप होतं. आता ढीग अर्धे लोटलेले, पिंप हलवलेलं. पलीकडची भिंत इथून तिथपर्यंत एकसारखी पांढरी, मधेमधे वाळू ओघळलेली. जिथं भोक दिसत नव्हतं तिथं ते नव्हतं, की वाळूखाली होतं?

"समुद्रावर बघूया," खैरूभाभी म्हणाली. "काल रागावलात ना, रुसून गेली असेल. चल गो, भरती चालू आहे."

भरती म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना. आम्ही दोघी समुद्राकडं धावलो. मागं गफूरनं थोडा वेळ वाट पाहिली असावी. मग त्याच्या सुपरवायझरची जीप आली, हॉर्न वाजला, आणि मशीन पुन्हा सुरू झाल्याचं मी ऐकलं. ऐकलं आणि पळत राहिले.

ओहोटीनंतर ओली राहिलेली वाळू भरतीच्या पाण्यापर्यंत सपाट होती. पक्ष्यांचे पाय उमटले होते, एका कुत्र्याचे उमटले होते. लहान चपलांचे नव्हते. मी पाणी लागेपर्यंत जाऊन परत वळले, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. नव्हतेच. इथं ती आलीच नव्हती.

मग ती ओ का देत नव्हती?

गफूर म्हणाला होता, पोर आईला तरी ओ देईल. मीही तेच धरून चालले होते. हाक पोचली नाही म्हणून उत्तर नाही, म्हणजे मूल इथं नाही. पण एक मुलगा होता ज्याची आई दिवसभर हाका मारत होती आणि तो आजारी नव्हता.

ऐकत होता.

"भाभी," मी म्हटलं, "ती आतच आहे."

परतीच्या वाटेवर खैरूभाभी काही विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. मला फक्त मशीन दिसत होतं. ते आम्ही सोडून गेलो त्या जागेच्या पुढं गेलं होतं. मघाशी जिथं चर उघडा होता तिथं आता सुटी वाळू होती, काठापासून हात-दीड हात खाली, ओलसर, नुकतीच पडलेली. मी गफूरला काय म्हटलं ते आठवत नाही. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि किल्ली काढून घेतली. जीपमधला माणूस इंग्रजीत ओरडू लागला. गफूर त्याला हिंदीत म्हणाला, "साहेब, तुम्हीच चालवा मग."

मी घरात गेले, कपाटावरून पाट ओढला, हाताला आलं ते लाटणं घेतलं आणि चरापाशी येऊन पाटावर ठोकायला लागले. कपडे धोपटतात तशी ठोकत सुटले. ठोकायचं, थांबायचं, कान द्यायचा. काही नाही. पुन्हा ठोकायचं. खैरूभाभी गुडघ्यांवर बसून पुटपुटत होती, "या अल्ला, या अल्ला." गफूर आणि त्याचे दोन मजूर फावडी घेऊन उभे, पण फावडं मारायचं कुठं? चुकीच्या जागी मारलं तर वरची वाळू आणखी खाली जाणार. आतल्या हवेचा विचार मी करत नव्हते. तो आपोआप होत होता.

ओळीच्या टोकाचं दार उघडलं.

उम्म बहनाम काळ्या झग्यात, अनवाणी, हात पुसत बाहेर आल्या. त्या आवाजाला आल्या होत्या. चराकडं पाहिलं, फावड्यांकडं पाहिलं, माझ्या हातातल्या पाटाकडं पाहिलं. काल यूनुसनी अंगणात येऊ नका म्हटलं होतं ते मला आठवलं आणि मी म्हटलं, "उम्म बहनाम, मुनिरा. हबीस." माझ्या अरबीत तेवढेच शब्द होते.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी पाट माझ्या हातातून घेतला, डाव्या खांद्यावर आडवा धरला, लाटणं उलटं केलं, मूठ खाली. आधी एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एक. मग दोन लागोपाठ, मग ठोके जवळजवळ येत गेले, पाऊल चढाला लागून पळायला लागावं तसे, आणि एकदम तोडले. तो धोपटण्याचा आवाज नव्हता. ते बोलावणं होतं, मुलींनी त्यांच्या दारात बसून ऐकलेलं.



त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं. तोडलं. पाट मला दिला आणि पलीकडं, जिथं वरची वाळू निघून कडक गच उघडा पडला होता, तिथं जाऊन आडव्या पडल्या, कान जमिनीला लावून. सरपटत थोड्या पुढं गेल्या. मग त्यांनी हात वर केला.

मी त्यांच्याशेजारी पडले. जमीन तापलेली होती, कानाला चटका बसला. आधी माझंच रक्त ऐकू आलं. आणि मग, खालून, फार बारीक, धातूचा गचावर. ठक. थांबून, ठक.

"इथं," मी म्हटलं.

गफूर चरात उतरला. फावडं त्यानं फेकून दिलं, पत्र्याच्या तुकड्यानं आणि हातांनी उपसू लागला. मजूर वरून वाळू धरून ठेवायला फळ्या लावत होते. मी उतरले. मला कुणी अडवलं असतं तर मी चावले असते. वाळू जितकी काढावी तितकी ओघळत होती. मग माझा हात एकदम पोकळीत गेला, आणि आतून एका लहान हातानं माझं बोट धरलं.

ती ओट्यावर बसलेली होती. कमरेपर्यंत वाळू, ओढणी तोंडावर घट्ट गुंडाळलेली, हातात चमचा. तिला वर दिलं, पाणी दिलं, डोळे धुतले. सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. तीच बोलत नव्हती. माझ्याकडं नाही, उम्म बहनामकडं पाहत होती. त्यांनी मान हलवली तेव्हा तिनं ओढणी खाली केली.

"सफिया आलीच नाही," ती म्हणाली. आवाज खरखरीत झाला होता. "आज माझ्यावर राज्य होतं. ती नाकूस वाजवणार होती."

"मी हाका मारल्या त्या ऐकल्यास?"

"जी."

"खैरूचाचीच्या?"

"जी. तुझ्या पण. दोनदा." मग ती रडायला लागली. "मग उजेडाची फट पण बुजली, अंधार झाला तेव्हा मी ओरडले, अम्मी. तेव्हा तू नव्हतीस."

तिला चापट मारायची असं मी समुद्रावरून येताना ठरवलं होतं. हात उचललाच गेला नाही. गफूर चराच्या काठावर बसून विडी पेटवू पाहत होता आणि काडी विझत होती.

उम्म बहनाम खाली बसल्या, मुनिराच्या केसांतली माती बोटांनी काढत हळूहळू काही सांगू लागल्या. बराच वेळ सांगत होत्या. मुनिरानं नाक पुसलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणतेय, तिची गोष्ट चुकली. त्या हबीसानं त्याच्या अम्मीला ओ दिली होती."

"बरं."

"पण त्या दिवशी तिनं सांगितली तेव्हा नव्हती दिली."

"विसरल्या असतील. म्हाताऱ्या आहेत. मग पुढं काय झालं, विचार."

तिनं विचारलं. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, मग उत्तर दिलं.

"तो खाली उतरून आला," मुनिरा म्हणाली. "अम्मीनं भाकरी आणली होती ती खाल्ली. मग परत वर गेला."

"डोंगर पडला नाही ना?"

मुनिरानं तेही विचारलं. "ला," उम्म बहनाम म्हणाल्या. नाही. एवढं अरबी मलाही येत होतं.

मुनिरानं ओढणीतली वाळू झटकली. ही गोष्ट तिला आधीच्या गोष्टीइतकी आवडलेली नव्हती, ते दिसत होतं.

संध्याकाळी यूनुस आले तेव्हा त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं होतं. मुनिरा झोपली होती. ते तिच्याजवळ जाऊन बसले, तिच्या नखांतली पांढरी माती पाहत राहिले. मग स्वयंपाकघरात आले. मी जमिनीवर बसून भाकरी थापत होते, गुडघे वर आलेले, हात नीट पोचत नव्हता.

"अशी का बसलीस? पाट कुठाय तुझा?"

"शेवटच्या घरात आहे. मीच ठेवून आले."

ते माठाकडं वळले, पेला भरून घेतला.

"मला उठायला सवड नाही," मी म्हटलं. "तुम्हीच जाऊन घेऊन या. आणि जरा बसून या."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग चपला घालण्याचा आवाज आला. मी तव्यावर भाकरी टाकली आणि सवयीनं हाक मारली. पलीकडच्या खोलीतून झोपेतच उत्तर आलं.

"जी."